दवंडी कोणीं गिळली?

अच्छाड हें तलासरी तालुक्यांतलें हद्दीवरचें गांव. येथून थोडें पुढें गेलें कीं गुजरात लागतो. मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा मोठा रस्ता, ज्यास पूर्वीं ८ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग म्हणत व आतां ४८ नंबरचा म्हणतात, तो ह्याच मुलखांतून जातो. दिवसरात्र मालमोटारींची रांग तुटत नाहीं. प्रत्येक मोटारीबरोबर तिचा कागद असतो. माल कोणाचा, कोठून निघाला, कोठें उतरणार, सरकारचें देणें किती, सारें त्यांत लिहिलेलें असतें. आणि माल पोंचण्याच्या आधीं मालाची बातमी व्यापाऱ्याच्या पेढीवर पोंचलेली असते. परंतु ह्याच रस्त्यापासून कोसभर आंत, पाड्यावर, कुडाच्या घरापुढें भात सडणाऱ्या बाईस विचारा कीं, "बाई, तुमची ग्रामसभा कधीं आहे?" ती मुसळ न थांबवितां म्हणेल, "झाली असंल."

वाचकहो, ह्या दोन शब्दांत आमच्या कष्टकरी समाजाची सारी कहाणी आहे. सिमेंटच्या गोणीची बातमी वेळेवर पोंचते, माणसाच्या हक्काची पोंचत नाहीं. आज आम्ही ह्याच गोष्टीचा जाब विचारणार आहों. अच्छाडच्या किंवा अमक्या एका गांवच्या पंचायतीवर बोट ठेवावें असा आमचा हेतु नाहीं. डहाणू-तलासरीपासून गडचिरोलीपर्यंत, आणि आदिवासी मुलूख सोडून देशावरच्या बागाइती गांवांतही, थोड्याफार फरकानें हाच प्रकार चालतो. चोराच्या मनांत चांदणें असतें. ज्याचें मन स्वच्छ आहे त्यास आमच्या लिहिण्याचा राग येण्याचें कारण नाहीं.

कोणी म्हणेल, ग्रामसभेची तारीख कळली नाहीं म्हणून असें काय आभाळ कोसळलें? बाबांनो, ग्रामसभेंत काय ठरतें तें पाहा. घरकुल कोणास मिळावें, विहीर कोणत्या पाड्यावर खणावी, रोजगार हमीचें काम कोठें निघावें, हें तेथें ठरतें. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणें जमिनीचा दावा पहिल्यानें ग्रामसभेपुढें येतो. आदिवासी उपयोजनेच्या पैशांतला पांच टक्के वांटा अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामपंचायतींस थेट द्यावा असें महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं ठरविलें. तो कशावर खर्चावा हें गांवानें सभेंत बसून ठरवावयाचें असतें. म्हणजे ग्रामसभा ही चहापाण्याची बैठक नव्हे, ती गांवची तिजोरी आहे. तिजोरी कोणत्या दिवशीं उघडणार हें मालकासच ठाऊक नसेल, तर आंत हात कोणाचा जाणार हें सांगावयास ज्योतिषी नको.

आतां ही नोटीस लोकांस मिळते तरी कशी तें पाहूं. एका गांवीं आम्हीं स्वतः डोळ्यांनीं पाहिलें. गांवाचें नांव देत नाहीं. कार्यालयाच्या ओसरीवर काचेची पेटी, पेटीस कुलूप. आंत कागदावर कागद डकविलेले. वरच्यानें खालचा झांकलेला, आणि सर्वांत वरचा उन्हानें इतका पिवळा पडलेला, कीं अक्षर व डाग ह्यांत फरक कळूं नये. कार्यालय उघडावयाचें उन्हें चढल्यावर आणि मिटावयाचें दिवे लागण्याच्या आधीं. पाड्यावरचा गडी तर पहांटेस भाकर बांधून उंबरगांव, भिलाड, वापीच्या कारखान्यांकडे निघतो व अंधार पडल्यावर परततो. त्यानें ती नोटीस वाचावी कधीं? रात्रीं काडी ओढून?

बरें, काडी ओढून वाचली, तर तिची भाषा पाहा. "उपरोक्त विषयान्वये सर्व संबंधितांस कळविण्यांत येतें कीं, विहित मुदतींत हरकती दाखल न केल्यास आपलें कांहीं म्हणणें नाहीं असें गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यांत येईल." ही भाषा कोणत्या आईनें आपल्या लेकरास शिकविली? तलासरी तालुक्यांत दहांतलीं नऊ माणसें आदिवासी आहेत. घरांत वारली बोली, बाजारांत मराठी-गुजराथीची मिसळ, आणि भिंतीवर ही तिसरीच भाषा, जी ना वारल्याची, ना कुणब्याची, ना कुंभाराची. दहावी पास झालेला पोरगासुद्धां "विहित" म्हणजे काय म्हणून डोकें खाजवितो. हीच गोष्ट साध्या बोलींत अशी सांगतां येते: "तुमची जमीन जाणार आहे. नको असेल तर अमक्या तारखेच्या आंत सांगा. सांगितलें नाहीं तर आम्ही घेऊं." किती सोपें! पण इतकें सोपें सांगितलें तर लोकांस कळेल; आणि कळलें तर लोक बोलतील. भानगड तेथेंच आहे.

त्या नोटिशींतली एक ओळ आम्ही पुन्हां वाचण्यास सांगतों: "आपलें कांहीं म्हणणें नाहीं असें गृहीत धरून." ज्यास विचारलेंच नाहीं त्याचें म्हणणें नाहीं! ज्याच्या कानीं शब्द पडला नाहीं त्याची कबुली आहे! सावकार पूर्वीं कोऱ्या कागदावर अंगठा उठवून घेई. त्यास निदान अंगठा तरी लागत असे. ह्या ओळीस तोही लागत नाहीं. मुका आहे म्हणून होकार, बहिरा आहे म्हणून होकार, पोटासाठीं परगांवीं गेला आहे म्हणून होकार. मुदतीचा दिवस मावळला कीं सारे होकार आपोआप गोळा होतात.

आणि मुदती तरी किती? २०१३ च्या भूसंपादन कायद्यांत हरकत घेण्यास ६० दिवस आहेत. राष्ट्रीय महामार्गाच्या १९५६ च्या कायद्यांत अवघे २१ दिवस. वनहक्काच्या दाव्यावर ग्रामसभेनें दिलेला निर्णय मान्य नसेल, तर उपविभागीय समितीकडे दाद मागण्यास ६० दिवस. पर्यावरणाच्या जनसुनावणीची खबर निदान ३० दिवस आधीं द्यावी, असें केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेंत आहे. हे आंकडे पाठ करून ठेवा. हा मुलूख आतां मोठमोठ्या कामांच्या वाटेंत सांपडला आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा ५०८ किलोमीटरांचा मार्ग तलासरी-डहाणूंतून जातो. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग येथूनच जातो. डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं झाली. ह्या कामांच्या बाजूचें व विरुद्धचें पुष्कळ बोलतां येईल; तो आजचा विषय नव्हे. आजचा विषय एवढाच, कीं ज्याच्या वावरांत खुंटी ठोकावयाची, त्यास खुंटी दिसण्याच्या आधीं शब्द ऐकूं आला पाहिजे. ६० दिवसांतले ५० दिवस नोटीस काचेच्या पेटींत निजून राहिली, तर त्या शेतकऱ्यास कायद्यानें दिलेले ६० दिवस नव्हेत. १० दिवस आहेत, आणि त्यांत वकील शोधावयाचा, भाडें काढावयाचें, मजुरी बुडवावयाची.

येथें कोणी कायदेपंडित म्हणेल, कायदा नोटीस लावण्यास सांगतो, ती लावली. आणखी काय पाहिजे? पंडितजी, कायदा पुरता वाचा. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आपल्या चौथ्या कलमांत सांगतो, कीं माहिती लोकांपर्यंत पोंचवितांना स्थानिक भाषा पाहावी, आणि त्या भागांत जी पद्धत सर्वांत परिणामकारक असेल ती पाहावी. नोटीस-फलक, वर्तमानपत्र ह्यांबरोबर जाहीर पुकाराही त्यांत सांगितला आहे. २००६ ची ती पर्यावरणाची अधिसूचना म्हणते, कीं जेथें वर्तमानपत्र पोंचत नाहीं तेथें ढोल वाजवून खबर द्यावी. म्हणजे दिल्लीच्या मोठ्या कचेरींत बसलेल्या माणसासही ढोल आठवला; आमच्या गांवच्या कचेरीस मात्र आठवत नाहीं! ग्रामसभेसाठीं तर दवंडीची रीत पूर्वापार आहे. कागदोपत्रीं आजही लिहिलेलें सांपडतें, "दवंडी देण्यांत आली." कोणीं दिली? कोणत्या पाड्यावर? किती वाजतां? कोणीं ऐकली? दवंडी कागदावर निघाली आणि कागदावरच विरली. म्हणून आम्ही विचारतों, ही दवंडी वाटेंत कोणीं गिळली?

एक गोष्ट मात्र आधींच सांगून टाकतों. दवंडी परत आणा म्हणतांना जुनी वेठ परत आणा असें आम्ही म्हणत नाहीं. पूर्वीं दवंडी पिटण्याचें काम गांवच्या महारावर वतनाच्या नांवाखालीं लादलेलें असे. ऊन असो, पाऊस असो, पोटांत असो नसो, त्यानें हांक देत फिरावें, आणि बदल्यांत शिळ्या भाकरीची वाट पाहावी. तें वतन १९५८ च्या कायद्यानें गेलें तें फार बरें झालें. आतां जो कोणी पाड्यापाड्यावर हांक देईल, मग तो कोणत्याही जातीचा असो, बाई असो कीं बुवा, त्यास पंचायतीनें रोख मजुरी द्यावी. सत्कारांच्या हारांस पैसा मिळतो, फलकांवरच्या तसबिरींस मिळतो, मग हांक देणाऱ्यासच कां मिळूं नये?

आतां तारखांचें पाहूं. कायदा म्हणतो, वर्षांत निदान चार ग्रामसभा झाल्याच पाहिजेत. प्रघात असा पडला, कीं २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर ह्या दिवशीं त्या उरकावयाच्या. दिवस थोर खरे, पण आमच्या शेताच्या पंचांगाशीं ते जुळतात कां? दिवाळी झाली कीं ह्या भागांतलीं कुटुंबेंच्या कुटुंबें वीटभट्टीवर, मिठागरांत, मासेमारीच्या बोटींवर पोट भरावयास बाहेर पडतात. दारास कडी लागते ती शिमग्यापर्यंत, आणि शिमगा करून पुन्हां लागते ती पाऊस येईतों. २६ जानेवारीस पाड्यावर म्हातारीं माणसें, कोंबड्या व कुत्रीं. १५ ऑगस्टास भाताची बेणणी. २ ऑक्टोबरास हळवें भात कापणीस आलेलें. मग सभेस माणूस येत नाहीं, आणि पुस्तकांत लिहिलें जातें कीं लोक उदासीन आहेत! अहो, चार सभा ही कायद्याची कमींत कमी मर्यादा आहे. पांचवी घेऊं नका असें कोणी म्हणत नाहीं. वारली कितीही दूर गेला तरी होळीस आपल्या पाड्यावर येतो. त्या आठवड्यांत सभा लावा, संध्याकाळीं लावा, पाड्यावरच्या अंगणांत लावा, आणि मग लोक येतात कीं नाहीं तें पाहा.

"लोकच येत नाहींत," हें रडगाणें आम्हीं पुष्कळ ऐकलें. तारप्याचा सूर निघाला कीं पाडा गोळा होतो. त्यास कोणी नोटीस लावली होती काय? लग्नाची, बारशाची, दिवसाची खबर एका रात्रींत दहा पाड्यांवर पोंचते. आणि दुसऱ्या बाजूनें पाहा. मतें मागावयाचीं असलीं म्हणजे भोंगा लावलेली जीप कोणत्या पाड्यावर पोंचत नाहीं? ओढ्यांतून, चिखलांतून, जेथें रस्ता नाहीं तेथेंही पोंचते, आणि भाषाही लोकांचीच बोलते! कर्जाचा हप्ता वसूल करणारा गडी प्रत्येक बाईचें दार ओळखतो, तिची कामावरून येण्याची वेळ ओळखतो. ज्यास आमच्याकडून घ्यावयाचें आहे त्यास आमचा पाडा सांपडतो. ज्यास आम्हांस द्यावयाचें आहे त्यासच तेवढा सांपडत नाहीं. ही वाट चुकणें नव्हे, ही वाट टाळणें आहे.

हल्लीं आणखी एक नवें उत्तर मिळतें: "नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली आहे." फार छान! फोन घरांत एक, तोही धन्याच्या खिशांत, धनी वापीच्या कारखान्यांत, आणि विहिरीच्या जागेची नोटीस वाचावयाची आहे पाणी भरणाऱ्या बाईनें. शिवाय टाकतात काय, तर त्याच पिवळ्या कागदाची तसबीर. भिंतीवरचें कोडें फोनांत गेलें म्हणून सुटत नाहीं. फोन वापरावयाचाच असेल तर बोलून वापरा. दोन मिनिटें लोकांच्या बोलींत सांगा, कीं सभा कधीं, कोठें, कशासाठीं, आणि न आल्यास काय होईल. तो आवाज निरक्षर म्हातारीही ऐकेल, व चार जणींस ऐकवील.

येथवर आम्ही हक्काविषयीं व पैशाविषयीं बोललों. आतां जिवाविषयीं बोलतों. खरी बातमी पोंचत नाहीं म्हणून पाड्यावर बातमीच नसते असें समजूं नका. ज्या रानांत भात पेरलें नाहीं त्या रानांत तण माजतें. अफवेस सही लागत नाहीं, शिक्का लागत नाहीं. ती लोकांच्या भाषेंत बोलते, रात्रीं चालते आणि थेट चुलीपाशीं येऊन बसते. सरकारच्या सत्यास ह्यांतलें एकही साधत नाहीं.

ह्याच मुलखांतल्या दोन हकीकती सांगतों. १९४५ सालीं वारल्यांनीं वेठीविरुद्ध मान वर केली. २३ मे रोजीं झरी येथें त्यांची मोठी परिषद भरली, आणि पावसाळा सरतां सरतां गवत कापणीच्या मजुरीसाठीं संप सुरू झाला. त्या वेळीं १० ऑक्टोबरच्या रात्रीं तलवाड्यास काय झालें, तें गोदावरी परुळेकर यांनीं 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या आपल्या ग्रंथांत लिहून ठेवलें आहे. जमीनदारांच्या बाजूनें एक खोटा निरोप पाड्यापाड्यांतून फिरला, कीं बाईंची सभा आहे, बाईंच्या जिवास धोका आहे, हातांत मिळेल तें घेऊन या. लोक धांवले. इकडे पोलिसांस मात्र सांगितलें गेलें, कीं वारली हत्यारें घेऊन चाल करून येत आहेत. गोळ्या सुटल्या, आणि जेठ्या गांगड यांच्यासह पांच आदिवासी मेले. ज्यांस आपल्या माणसाचा खरा निरोप कोणता व शत्रूचा खोटा कोणता हें ताडून पाहण्याचें साधनच नव्हतें, त्यांच्या प्रेमाचाच फांस करण्यांत आला.

तुम्ही म्हणाल, तें इंग्रजी राज्य होतें. मग स्वराज्यांतली दुसरी हकीकत ऐका. २०२० च्या एप्रिलांत टाळेबंदी होती. सारे रस्ते बंद, बाजार बंद, माणूस माणसास भिऊं लागलेला. सरकारचीं फर्मानें रोज निघत, पण पाड्यांवर पोंचत होती ती चोर फिरतात, मुलें पळविणारे फिरतात ही आवई. १६ एप्रिलच्या रात्रीं डहाणू तालुक्यांत गडचिंचले येथें जमावानें वाटेनें जाणारे दोन साधू व त्यांचा गाडीवान असे तिघे निरपराध जीव ठेंचून मारले. त्या कृत्याचें समर्थन कोणी करूं नये. आम्ही तर मुळींच करीत नाहीं. खून तो खून, आणि त्याची लाज आपल्या सर्वांस वाटली पाहिजे. पण लाज वाटून घेऊन थांबणें पुरेसें नाहीं. त्या आठवड्यांत प्रत्येक पाड्यावर ओळखीच्या माणसानें ओळखीच्या भाषेंत रोज हांक दिली असती, कीं मुलें पळविणारा कोणी सांपडलेला नाहीं, अनोळखी माणूस दिसल्यास हात उचलूं नका, अमक्यास कळवा, तर त्या रात्रींचा अंधार थोडा तरी उणा झाला असता. पांच जीव १९४५ सालीं, तीन जीव २०२० सालीं. मधें पाऊणशें वर्षें गेलीं, स्वराज्य आलें, वीज आली, फोन आला. खऱ्या बातमीची पायवाट मात्र पाड्यापर्यंत आली नाहीं.

आतां थोडें आपल्याच घराकडे वळूं. जोतीराव फुले यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हां कुळकर्ण्याच्या लेखणीनें अडाणी कुणबी कसा नागविला जातो तें त्यांनीं उघडें केलें. तें कुळकर्णी वतन १९५० च्या कायद्यानें गेलें. कचेरींतल्या खुर्चीवर आतां बहुजनांचीं व आदिवासींचीं मुलें बसतात. अनुसूचित क्षेत्रांत तर सरपंचपद आदिवासीसच राखून ठेवलेलें आहे. मग नोटीस अजून कुळकर्ण्याच्याच भाषेंत कां? आमचा पोरगा चार इयत्ता शिकून त्या खुर्चीवर बसला, कीं त्याच्याही जिभेवर "उपरोक्त" आणि "विहित" कसे चढतात? ज्या लेखणीनें आपल्या बापास बुडविलें ती मोडावयाची सोडून ती आपल्याच खिशांत खोंवून मिरवावयाची, ह्यास आम्ही प्रगति म्हणत नाहीं. माणूस बदलला आणि रीत तीच राहिली, तर गरिबास फरक काय? मुकुंदराव पाटील यांनीं १९१० सालीं 'दीनमित्र' सुरू केलें, आणि पुढें तें नगर जिल्ह्यांतल्या तरवडी ह्या खेड्यांतून चालविलें. खेड्यांत बसून, खेड्याच्या भाषेंत राज्यकारभाराची गोष्ट सांगतां येते, हें त्या माणसानें शंभर वर्षांपूर्वीं दाखवून दिलें. आज ज्याच्या टेबलावर वीज, यंत्र व छापखाना एकाच डब्यांत आहे, त्यास तें जमूं नये?

तेव्हां शेतकरी, कारागीर बंधु-भगिनींनो, सरकार सुधारेल म्हणून हातावर हात धरून बसूं नका. आम्ही सांगतों तें करून पाहा. ह्यास फार पैसा लागत नाहीं.

प्रत्येक पाड्यानें आपला एक वाचणारा नेमावा, शक्यतों शिकलेली मुलगी नेमावी. कारण पाणी, रेशन, अंगणवाडी ह्यांची काळजी तिच्याच जातीस अधिक. तिनें आठवड्यांतून एकदां कार्यालयांत जाऊन पेटींतला प्रत्येक कागद वाचावा, न कळल्यास अधिकाऱ्यास अर्थ विचारावा, आणि रात्रीं पाड्यावर तो आपल्या बोलींत सांगावा. कोणी "तुला काय करावयाचें?" म्हणाला, तर तिनें माहितीच्या अधिकाराचें नांव घ्यावें; पुष्कळ कुलुपें त्या नांवानें उघडतात.

नोटीस हातीं पडली कीं तिच्या पाठीवर ती मिळाल्याची तारीख लिहून ठेवा, आणि देणाऱ्याची सही घ्या. मुदतीच्या भांडणांत हीच एक ओळ उद्यां तुमची जमीन वांचवील.

ग्रामसभेच्या आधीं बायकांची सभा घ्यावी असें कायद्यांत आहे. ती झाली कीं नाहीं, हें प्रत्येक सभेंत पहिल्यानें विचारा. झाली नसेल तर पुढचें काम चालूं देऊं नका.

कोऱ्या पुस्तकावर सही किंवा अंगठा देऊं नका. सभेंत झालेला ठराव तेथल्या तेथें मोठ्यानें वाचून दाखवा म्हणा; वाचून दाखविल्यावर सही. सही आधीं आणि ठराव मागाहून, ही रीत चोरांची आहे.

आणि शेवटचें, सर्वांत मोठें. १९९६ च्या पेसा कायद्यानें पाडा म्हणजेच गांव होऊं शकतें. जी वस्ती आपला कारभार आपल्या रीतीरिवाजानें चालविते, तिला गांव मानून तिची स्वतःची ग्रामसभा असावी, असें त्या कायद्याचें म्हणणें आहे. महाराष्ट्रानें त्याचे नियम २०१४ सालीं केले. तुमचा पाडा पंचायतीपासून दूर असेल, तर ठराव करा आणि आपली ग्रामसभा मागा. आपल्या अंगणांत भरणाऱ्या सभेस दवंडीही लागणार नाहीं. हांक मारली कीं पुरे.

अधिकारी बंधूंसही आमचें दोन शब्द सांगणें आहे. तुमच्यांत चांगलीं माणसें आहेत. एका माणसावर तीन-तीन गांवांचा भार आहे हेंही आम्ही जाणतों. परंतु नोटीस लावणें म्हणजे कळविणें नव्हे. कळविलें तें, जें कळलें. पुढच्या ग्रामसभेची नोटीस काढाल तेव्हां तिच्या खालीं एक ओळ जास्त लिहा: अमक्या पाड्यावर, अमक्या संध्याकाळीं, अमक्यानें वाचून दाखविली. ही ओळ खरी लिहितां येईल असें काम करा, म्हणजे पुस्तकांत "लोक उदासीन आहेत" असें लिहिण्याची पाळी तुमच्यावर येणार नाहीं.

भात सडणाऱ्या त्या बाईकडे आम्ही पुन्हां जाणार आहों. तिला पुन्हां विचारणार आहों, कीं बाई, ग्रामसभा कधीं? ज्या दिवशीं ती मुसळ थांबवून म्हणेल, "परवां आहे, माझें तेथें बोलणें आहे," त्या दिवशीं अच्छाडच्या हद्दींत स्वराज्य आलें असें आम्ही समजूं. तोंवर ज्यानें दवंडी गिळली त्याच्या दारांत उभे राहून ती परत मागणें, हें तुमचें आमचें काम आहे.